एवढा एक प्रश्न सोडून

२५ ऑक्टोबर, शनिवार

मोठ्या बाईंनी शेवटी ते काम माझ्या गळ्यात मारलंच. शेवटच्या वर्गातली मुलं पुढच्या वर्षी कॉलेजसाठी बाहेरगावी जाणार, तर त्यांची आणि त्यांच्या आईबापांची तयारी करून घ्यायची. दर शनिवारी दुपारी, शाळेच्या सभागृहात. मी म्हटलं, "बाई, मी विज्ञान शिकवते. बेडकाबद्दल विचारा. आईबापांमधलं मला काय कळतंय?" तर म्हणाल्या, "तुमची मुलगी बघा किती छान रुळली. एकटी, एवढ्या लांब. तुम्ही नाही सांगणार तर कोण सांगणार?"

खरं सांगायचं तर आतून गुदगुल्याच झाल्या. ठकीचं कुणी कौतुक केलं की मी लगेच पाघळते.

आज पहिला शनिवार झाला. पालकांना खडसावूनच सांगितलं. फोन आठवड्यातून एकदा, रविवारी. जेवलास का, झोप होते का, अभ्यास कसा चाललाय, एवढं विचारायचं आणि फोन ठेवायचा. बाकी काय हवं ते बोला, पण एक प्रश्न काहीही झालं तरी तोंडातून काढायचा नाही. 'घरी यायचंय का?' हा तो प्रश्न. दार उघडं दिसलं की मूल पळत सुटणारच. दार लावून घ्या, म्हणजे ते तिकडे पाय रोवेल. मी असं म्हटल्यावर टाळ्या पडल्या.

मागच्या बाकावरच्या एका गृहस्थांनी हात वर केला. ते फ्रिज दुरुस्त करतात आणि त्यांचा मुलगा ठकीच्याच कॉलेजला जायचं म्हणतोय. "मॅडम, आणि त्यानंच म्हटलं, यायचंय, तर?"

"तर विषय बदलायचा," मी म्हटलं. सगळे हसले, ते सोडून. नंतर त्यांनी आणखी शंका काढून माझं डोकं खाल्लं. मी त्यांचं नाव शंकासुर ठेवलंय, फक्त या वहीपुरतं.

आणि या वहीपुरतंच आणखी एक. रविवारी फोनची वेळ झाली की माझ्या पोटात गोळा येतो. ठकी 'हॅलो' म्हणाली की मी आधी तिचा आवाज चाचपून बघते, ताप आलेल्या मुलाचं कपाळ बघावं तसा. कशाला घाबरते देव जाणे. सगळं तर छान चाललंय.

३ नोव्हेंबर, सोमवार

ठकी सुट्टीला घरी आलीय! बारीक झालीय. चेहरा एवढासा दिसतो. पण जेवते अशी की बघत राहावं. मी म्हटलं, "हॉस्टेलात उपाशी ठेवतात की काय?" तर म्हणाली, "नाही ग, छान असतं जेवण."

दिवसभर माझ्या मागे मागे असते. मी ओट्याशी उभी राहिले की स्टुलावर येऊन बसते, कपडे वाळत घालायला गेले की चिमटे धरून उभी. "अगं, तू मुलगी आहेस की शेपूट?" म्हटलं तर हसली आणि जवळ सरकली.

संध्याकाळी तिला शनिवारच्या वर्गाचं सगळं तिखटमीठ लावून सांगितलं. "तुझंच तर उदाहरण देते मी. तूच फोनवर सांगितलेलं ना, पहिल्याच दिवशी तू जेवणघरात ताट घेऊन अनोळखी टेबलापाशी गेलीस आणि बिनधास्त म्हणालीस, इथे बसू का?"

ती नखं कुरतडायला लागली. "हे सगळ्यांना सांगितलंस?"

"सगळ्यांना! अख्ख्या शाळेला ठाऊक आहे. शेजाऱ्यांनाही."

मान खाली घालून उठली आणि आत गेली. लाजली. लहानपणापासून अशीच आहे, कौतुक झेपत नाही बिचारीला.

९ नोव्हेंबर, रविवार

ठकीला बसमध्ये बसवून आलो. स्टँडवर भलतीच गर्दी होती. बस लागली तसा तिने माझा हात घट्ट धरला. तिचा हात बर्फासारखा गार होता. म्हणाली, "आई, मी नाही गेले तर?"

पण मी पडले पालकांना शिकवणारी. म्हटलं, "पाण्याची बाटली घेतलीस का?"

तिने बाटली पिशवीतून काढून मला दाखवली, परत आत ठेवली आणि बसमध्ये चढली. खिडकीतून हात केला. मीही केला. बस वळेपर्यंत मी हसत उभी होते, गाल दुखायला लागले.

येताना नवरा म्हणाला, "तिला विचारायला हवं होतं." मी म्हटलं, "काय?" तर म्हणाला, "काही नाही." हा माणूस नेहमी अर्धंच वाक्य बोलतो. घरी आले तर कुलपात किल्ली जाईना. त्यानेच दार उघडलं.

बस वन्संच्या गावात थोडी थांबते. वन्सं म्हणजे ठकीची आत्या. तिथे एकट्या राहतात आणि घरीच शिवणकाम करतात. स्टँडवर जाऊन पोरीला खाण्याचा डबा द्या, असं मी त्यांना सांगून ठेवलं होतं. संध्याकाळी त्यांचा फोन आला. "दिला डबा, वहिनी. खाल्ला तिने." एरवी या बाईचं शिवणयंत्र फोनवर बोलतानाही खडखडत असतं, निम्मं बोलणं त्यातच जातं. आज सगळं कसं शांत होतं. दमल्या असतील.

२२ नोव्हेंबर, शनिवार

आज मुलांना 'अनोळखी टेबल' करायला लावलं. सभागृहात बाकं मांडली, एकेकाच्या हातात रिकामं ताट दिलं. चालत जायचं, कुठलंही टेबल निवडायचं आणि विचारायचं, इथे बसू का? मुलांनी धमाल केली. एकाने तर ताट डोक्यावर घेऊन विचारलं.

मग एक उंच मुलगी उठली. वर्गात कधी तोंड उघडत नाही ती. चार पावलं गेली आणि मधेच थांबली. ताट हातात थडथडायला लागलं, ओठ पांढरे पडले. "बाई, श्वास येत नाहीये." मी धावत जाऊन तिला खाली बसवलं, पाठीवरून हात फिरवला. जरा बरं वाटल्यावर तिने विचारलं, "तुमच्या मुलीला नाही भीती वाटली?"

"अजिबात नाही," मी म्हटलं.

आणि तिच्या हातातलं ताट काढून घेतलं.

७ डिसेंबर, रविवार

फोन झाला. जेवलीस का? हो. झोप होते का? हो. अभ्यास? चाललाय. आवाज मात्र बरा वाटला, चक्क खुलल्यासारखा. एकदा हसलीसुद्धा. बघा म्हणावं शंकासुराला, दार लावलं की मूल रुळतं!

मागे कसलीतरी खडखड चालली होती. "हे काय ग?" म्हटलं. जरा थांबली आणि म्हणाली, "खाली शिवणाचं दुकान आहे ना." हॉस्टेलखाली शिवणाचं दुकान! मुलांचे कपडे भराभर फाटत असतील, चांगलाच चालत असेल धंदा.

व्हिडिओवर ये म्हटलं तर नेट नाही. सुट्टीनंतर तिला एकदाही नेट मिळालेलं नाही.

फोन ठेवल्यावर मला दरदरून घाम फुटला. एवढं चांगलं बोलणं झालं आणि घाम कसला? नवऱ्याला नाही सांगितलं. तो परत अर्धं वाक्य बोलेल आणि उरलेल्या अर्ध्याची मला धास्ती वाटते.

२१ डिसेंबर, रविवार

वन्संकडे दोन दिवस जाऊन यावं असं ठरवत होतो. फोन केला तर म्हणाल्या, रंगकाम काढलंय, इतक्यात येऊ नका. आजवर या बाईने कधी कुणाला येऊ नका म्हटलेलं नाही. घरात पाय ठेवायला जागा नव्हती तेव्हासुद्धा आम्ही सगळे तिथे मुक्काम ठोकून होतो. मला रागच आला. वर म्हणतात कशा, "ठकी बरी आहे हो वहिनी. उगाच जिवाला घोर लावून घेऊ नका."

मी ठकीचं नावही काढलं नव्हतं. हल्ली सगळ्यांना मी भित्री भागूबाई दिसते वाटतं.

१० जानेवारी, शनिवार

शंकासुर पुढच्या आठवड्यात मुलाला घेऊन कॉलेज बघायला निघालेत. ठकीसाठी एक पिशवी दिली त्यांच्याजवळ. स्वेटर आणि खोकल्याचं औषध. हॉस्टेल दाखवायला ठकीला सांगू का, म्हटलं तर म्हणाले, "नको, अभ्यास असेल तिचा. वॉर्डनबाईंकडे ठेवतो."

आज पालकांना सांगत होते, कधी काळजी करायची ते. मूल सारखं रडतंय, कुरकुरतंय, जेवणाला नावं ठेवतंय, तोवर घाबरू नका. पण दर वेळी तेच उत्तर, कसलीच तक्रार नाही, तोंड दाखवायची टाळाटाळ, असं झालं तर मात्र…

तिथे माझ्या हातातला खडू मोडला. पुढचं वाक्य सापडेना. सगळे माझ्याकडे बघतायत. मोठ्या बाईंनी पाण्याचा ग्लास पुढे केला. म्हटलं, घसा बसलाय जरा.

ठकीचं वेगळं आहे. ती मुळातच कमी बोलते.

११ जानेवारी, रविवार

सकाळपासून ठरवलं होतं, आज दुसरं काहीतरी विचारायचं. नीट विचारायचं. तालीमसुद्धा केली, भांडी घासता घासता. फोन लागला आणि तोंडातून निघालं, जेवलीस का? हो. झोप होते का? हो.

मला भीती वाटते. लिहूनच टाकते आता. मी विचारलं आणि ती काही बोलली, तर ते ऐकावं लागेल.

१७ जानेवारी, शनिवार

लिहायला बसलेय, पण अक्षर वेडंवाकडं येतंय.

वर्ग सुरू व्हायच्या आधी शंकासुर आले. हातात तीच पिशवी. सगळ्या पालकांसमोर, अगदी काळजीने म्हणाले, "मॅडम, मुलगी आजारी आहे हे बोलला नाहीत तुम्ही! वॉर्डनबाई विचारत होत्या, आता बरी आहे का म्हणून. सुट्टीनंतर आलीच नाही म्हणाल्या. पिशवी परत आणलीय. तिला घरीच द्या."

सगळ्या आया माझ्याकडे बघत होत्या. आणि मी काय म्हटलं? "हो, आता बरी आहे." हसून म्हटलं! पिशवी घेतली, टेबलाखाली ठेवली आणि तासभर बोलले. कपडे कसे धुवावेत, औषधं कुठे ठेवावीत. एक शब्दही मला आता आठवत नाही. टेबलाखाली पाय सारखा त्या पिशवीला लागत होता, एवढं मात्र आठवतंय.

घरी पळत आले. ठकीचा फोन बंद. परत लावला, बंद. नवऱ्याला सांगितलं तसा तो भिंतीला धरून खालीच बसला. सुट्टीनंतर आलीच नाही. म्हणजे आम्ही तिला बसमध्ये बसवलं आणि ती पोचलीच नाही. दर रविवारी माझ्याशी बोलत होती. कुठून बोलत होती माझी पोर? कुणाच्या घरातून? कुणी शेजारी बसून बोलायला लावत होतं का? मला नको नको ते दिसायला लागलं. पोलिसांत जाऊ, मी म्हणाले. नवरा म्हणाला, "आधी तिच्या आत्याला फोन करतो, तिने शेवटचं बघितलंय." त्याने स्पीकर लावला.

"बोल रे दादा," वन्सं म्हणाल्या. "थांब हं, मी फाटकापाशी आहे, बाई आलीय एक, कपडे न्यायला."

त्या फाटकापाशी होत्या आणि मागे, लांब, घरात शिवणयंत्र चालू होतं. खडखड, खडखड. तीच खडखड.

मी फोन हिसकावून घेतला. "वन्सं, आत यंत्रावर कोण बसलंय?"

त्या म्हणाल्या, "वहिनी, तुम्ही आधी खाली बसा."

मी बसले नाही, पडलेच. नवरा लहान मुलासारखा हुंदके देऊन रडला. मला रडूही येईना. जिवंत आहे, सुखरूप आहे, आत्याकडे आहे. उद्या पहिल्या बसने निघतोय आणि मला तिच्यासमोर जायची भीती वाटतेय. माझ्याच मुलीची.

१८ जानेवारी, रविवार

वन्संनी दार उघडलं. घराला रंगबिंग काही दिलेला नव्हता.

ठकी आत यंत्रापाशी उभी होती, हातात कुणाचातरी अर्धवट शिवलेला सदरा. अंगाने भरली होती, गालांवर रंग होता. सुट्टीत घरी आली होती त्यापेक्षा कितीतरी बरी दिसत होती. हेच मला सगळ्यात जास्त लागलं.

आम्हाला बघितलं आणि भिंतीकडे सरकली. माझी मुलगी मला बघून मागे सरकली.

सगळं वन्संनीच सांगितलं. "स्टँडवर डबा घेऊन गेले तर ही बसमधून उतरून बाकावर बसली होती. थडथड कापत होती. श्वास घेता येईना. बस निघून गेली, ही हलेना. घरी घेऊन आले. मग कळलं, तिकडे ती जेवणघरात जातच नव्हती. पहिल्या दिवशी ताट घेऊन उभी राहिली, कुणी सरकून जागा दिली नाही, तसंच ताट ठेवून परत आली. तेव्हापासून खोलीत बिस्किटं खाऊन राहायची. वर्गातही तसंच व्हायला लागलं. डॉक्टरकडे नेतेय मी. कॉलेजला आजारपणाचं कळवलंय, नाव काढलेलं नाही."

"आणि मला का नाही सांगितलंत?" मी ओरडलेच. "मी आई आहे तिची! दोन महिने उलटून गेले, वन्सं!"

"रोज म्हणायचे तिला, सांगूया. तिने शपथ घातली होती, वहिनी. चुकलंच माझं."

तेव्हा ठकी पहिल्यांदा बोलली. "तू सगळ्यांना सांगितलं होतंस ना आई. शाळेत, शेजारी. मी परत आले असते तर तू काय सांगणार होतीस?"

रागवायचं होतं मला. खूप काही बोलायचं होतं. मी तिच्या हातातला सदरा घेतला, यंत्रावर ठेवला, तिचे दोन्ही हात धरले. गार नव्हते. माझेच गार होते.

"ठके," मी विचारलं, "घरी यायचंय का?"

एवढंसं वाक्य, पण आवाज फाटला माझा. ती बघतच राहिली. मग तोंड वेडंवाकडं झालं, अगदी बालवाडीच्या दारात व्हायचं तसं.

"हो," ती म्हणाली. आणि रडता रडताच, "पण तू शनिवारी काय करशील?"

२४ जानेवारी, शनिवार

जायचं नव्हतं. मोठ्या बाईंना म्हटलं, दुसरं कुणी बघा, मला तोंड नाही राहिलं. त्या म्हणाल्या, "ते तुम्हीच त्यांना सांगा." गेले.

सांगितलं. घरून निघताना ठकीला आधी विचारलं होतं. ती म्हणाली होती, ताटाचंही सांग. तेही सांगितलं. कुणी हसलं नाही, कुणी टाळ्याही वाजवल्या नाहीत. दोन आया उठून निघून गेल्या, त्यांना काय वाटलं कोण जाणे. ती उंच मुलगी मात्र वर बघत होती, सरळ माझ्याकडे.

शंकासुरांनी हात वर केलाच. "मॅडम, मग तो प्रश्न विचारायचा?"

"विचारा."

"आणि तो हो म्हणाला, तर?"

"मला माहीत नाही," मी म्हटलं. "पण विचारा."

त्यांनी मान हलवली. जाताना टेबलापाशी आले. "मी त्या दिवशी सगळ्यांसमोर बोलायला नको होतं," म्हणाले. मी म्हटलं, बोललात ते बरं केलंत. मनातून आणखी बरंच म्हणायचं होतं, पण डोळे भरून आले. यांना मी आता दुसरं नाव शोधणार आहे.

२५ जानेवारी, रविवार

भीती गेलेली नाही. न्हाणीघरात ती जरा जास्त वेळ राहिली की मी दाराशी जाऊन उभी राहते. कॉलेजला परत जाईल का, माहीत नाही. गेली तर मी काय करेन, तेही माहीत नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, घाई नको. सकाळी शेजारीणबाई दारात आल्या, "ठकी कशी काय आली हो मधेच?" मी म्हटलं, "मी बोलावलं." त्या पुढे काही विचारणार होत्या, मी दार लावून घेतलं.

संध्याकाळी फोनची वेळ झाली तसा सवयीने पोटात गोळा आला. फोन टेबलावरच होता. समोर ठकी बसली होती, नवऱ्याच्या शर्टाला बटण लावत. तिनेही फोनकडे बघितलं. दोघींच्याही लक्षात आलं.

"जेवलीस का?" तिने विचारलं. माझ्याच आवाजात, माझी नक्कल करत.

हसायलाच आलं मला. तोंडातून 'हो' निघणारच होतं. कालपासून घशाखाली घास उतरलेला नाही, तरी 'हो' अगदी ओठांवर येऊन थांबलं होतं. ती सुई धरून माझ्याकडे बघत होती.

"नाही ग," मी म्हटलं. "जेवले नाही."

तिने बटणाचा दोरा तोडला, उठली आणि दोन ताटं काढली.